त्सो मोरीरीला पिका या प्राण्याच्या फील्डवर्कला जातेय, मुंबईत बसून काय तयारी करू?

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे फक्त वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय. झूऑलॉजीत एमएस्सी झालंय आणि एका संशोधक ताईंच्या टीममध्ये फील्ड असिस्टंट म्हणून या उन्हाळ्यात लडाखला जायचं नक्की झालंय. काम चांगथांगमध्ये, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावर, त्सो मोरीरी आणि त्सो कार या दोन तलावांच्या आसपास, आणि विषय आहे पिका आणि वोल. घरी आणि मित्रमंडळींत ज्याला सांगावं तो पहिला प्रश्न हाच विचारतो की मग स्नो लेपर्ड दिसणार का, आणि मला खरंच मनापासून पिकाच बघायचाय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पिका म्हणजे मुठीत मावेल एवढा, गोल कानांचा, बाहेरून शेपूटच न दिसणारा प्राणी. दिसतो उंदरासारखा पण नातं सशाशी, वरच्या पुढच्या दातांच्या मागे दातांची आणखी एक बारकी जोडी असते ती सशालाही असते आणि यालाही. वोल मात्र उंदरांच्याच घराण्यातला, आखूड शेपटी, बोथट तोंड. दोघंही गवत खातात आणि दोघांच्याही जिवावर तिथल्या कितीतरी शिकारी प्राण्यांचं पोट चालतं.

आता प्रश्न. एक म्हणजे लडाखमध्ये पिकाच्या एकाहून जास्त जाती आहेत आणि फोटोत मला सगळ्या सारख्याच दिसतात, तर प्रत्यक्षात ओळखायच्या कशा? फील्डच्या नोंदी नेमक्या कशा ठेवायच्या हे कॉलेजात कुणी नीट शिकवलंच नाही, जर्नल म्हणजे आकृत्या काढून सबमिट करायचं एवढंच. आणि सगळ्यात मोठी काळजी आईबाबांना आहे ती उंचीची. सह्याद्रीत मी भरपूर फिरलेय पण कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर, आणि त्सो मोरीरीचं नुसतं पाणीच ४,५२२ मीटरवर आहे. मुंबईत समुद्राच्या लेव्हलला राहून त्याची काय तयारी करता येते का? आणि सामान काय इथून घेऊ, काय लेहला मिळेल, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

चांगथांगची_वाट

अभिनंदन गं! आणि पिकाच बघायचाय हे वाचून फार छान वाटलं. मी त्या भागात काही उन्हाळे काम केलंय, आता मुलुंडला असते, तर जे खरंच कामाला येईल तेवढं सांगते.

जाती ओळखायचं म्हणशील तर आधी प्राणी बघू नको, जागा बघ. उतारावर मोठमोठ्या दगडांचे ढीग घसरून पडलेले असतात तिथे, फटीफटींतून राहणारा असेल तर तो बहुतेक मोठ्या कानांचा पिका, ऑकोटोना मॅक्रोटिस, कान खरंच मोठे आणि आतून लांब केसांनी भरलेले. हा ६,००० मीटरच्या वरही सापडलेला आहे. ओढ्याकाठी कॅरागानाची काटेरी झुडपं असतात त्यांच्या बुंध्यात बिळं करून राहतो तो नुब्रा पिका. आणि मोकळ्या, सपाट, उघड्यावाघड्या दरीत, जिथे तुला वाटेल इथे कोण राहणार, तिथे जमिनीत बिळं करून राहणारा अंगाने दांडगा असा लडाख पिका, तो हिवाळ्यात उशीसारख्या जमिनीला चिकटून वाढणाऱ्या झाडांची मुळं उकरून खातो. म्हणजे दगडातले वेगळे, झुडपातले वेगळे, बिळातले वेगळे. नियम म्हणून डोळे मिटून धरू नको कारण सरमिसळ होते, पण सुरुवात इथून केलीस तर फोटो बघून जो गोंधळ होतोय तो निम्मा कमी होईल. जागेवरून स्वभावही कळतो, दगडातले साधारण एकेकटे किंवा जोडीने राहणारे आणि पिल्लं कमी, बिळातले कुटुंबकबिल्याने राहणारे आणि पिल्लं भरपूर.

मग बसायचं. हे काम मुळात बसण्याचंच आहे, चालण्याचं नाही. सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर ते जास्त बाहेर असतात, दुपारचं ऊन त्यांना सोसत नाही आणि त्यात तिथे दुपारनंतर वारा सुटतो तो इतका की दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. जागा निवडलीस की पंधरा-वीस मिनिटं काही म्हणजे काही लिहू नको, नुसती बस, ते तुला दगड समजायला लागले की बाहेर येतात. आधी नाक, मग कान, मग एकदम अख्खा प्राणी दगडाच्या टोकावर येऊन बसतो. एखादा गवताचा जुडगा तोंडात आडवा धरून पळत येतो, जुडग्याची दोन्ही टोकं गालांच्या बाहेर लोंबत असतात, फटीत शिरताना ती अडकतात मग तो मान तिरकी करून ते आत ओढतो, आणि काही सेकंदांत रिकाम्या तोंडाने पुन्हा बाहेर. पिका हिवाळ्यात झोपून जात नाही, मार्मोटसारखी (तिथला बिळात राहणारा, मोठ्या खारीसारखा प्राणी) शीतनिद्रा नाही, म्हणून हा साठा. पण सगळ्याच जाती अशा गंजी रचतात असं नाही, त्यामुळे कुठे दिसली, कुठल्या झाडपाल्याची होती, हे लिहून ठेवशील ते पुढे कुणाच्या तरी फार उपयोगी पडेल.

तुझा जास्तीत जास्त वेळ मात्र लेंड्या गोळा करण्यात जाणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. पिकाच्या लेंड्या मिऱ्यांसारख्या, गोल आणि कोरड्या, वोलच्या लांबट. ताज्या असतील तर गडद आणि किंचित ओलसर, जुन्या फिक्या पडतात आणि चिमटीत भुगा होतो. हाताने उचलायच्या नाहीत, चिमट्याने, आणि एका ठिकाणच्या एका कागदी पाकिटात, ते पाकीट ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या झिपलॉकमध्ये. पाकिटावर तारीख, वेळ, जीपीएस, उंची, आणि दगड का झुडूप का मोकळं मैदान. लेंडीवर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यातून डीएनए निघतो, म्हणजे प्राण्याला हातही न लावता जात कळते. सिक्कीममधला पिका आधी दुसऱ्याच एका जातीचा पोटप्रकार धरला जायचा, २०१६ मध्ये डीएनएवरून तो स्वतंत्र जात, ऑकोटोना सिकिमारिया, असल्याचं दाखवलं गेलं, आणि त्या कामात लेंड्यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे हे काम कमी दर्जाचं वगैरे अजिबात समजू नको, टीममध्ये सगळ्यात जपून करायचं काम हेच.

बिळांच्या बाबतीत एक साधी पद्धत आहे. चौकट आखायची, त्यातली सगळी बिळं मोजायची, तोंडं मातीने हलकीच बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन किती उघडली ते बघायचं. नुसती बिळं मोजून प्राणी किती ते कळत नाही, कारण सोडून दिलेली बिळंही वर्षानुवर्षं तशीच राहतात.

---

ओपीडीतून_ठाणे

मी डॉक्टर आहे, ट्रेकिंगही करतो, फक्त उंचीबद्दल लिहितो.

पहिलं म्हणजे मुंबईत राहून उंचीची सवय करता येत नाही. जिने चढा, पळा, जिम करा, त्याने दम वाढेल, कामात मदत होईल, पण विरळ हवेशी जुळवून घेणं शरीराला तिथे पोचल्यावरच जमतं, आणि फिट माणसाला त्रास होत नाही हा समज तर धोकादायक आहे, कारण फिट लोकच पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतात. लेह साधारण ३,५०० मीटर, मुंबईहून विमानाने काही तासांत तुम्ही शून्यावरून तिथे. त्यामुळे तिथे निदान दोन-तीन दिवस काहीही काम नाही, पहिला दिवस तर अक्षरशः आराम, पाणी, हलकं जेवण, दारू-सिगरेट बंद.

दुसरी उडी जास्त महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच विसरतात. लेहहून त्सो मोरीरीला गाडीने एका दिवसात पोचता येतं, पण म्हणजे झोपायची उंची एका दिवसात हजार मीटरने वाढली. ३,००० मीटरच्या वर रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. म्हणून वाटेत चुमाथांगच्या आसपास मुक्काम करा, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, टीमलाही ते पटेल. त्सो मोरीरीकाठच्या कोरझोक गावाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, हे आईबाबांना घाबरवायला नाही सांगत, वाटेत मुक्काम का हवा ते त्यांना कळावं म्हणून सांगतोय.

डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलमाइड, ते आधीपासून घेतलं तर सवय व्हायला मदत होते, पण सल्फाची अॅलर्जी, किडनीचा त्रास वगैरे काही असेल तर घ्यायचं नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना भेटूनच सुरू करा, नेटवर वाचून नको. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीचं, तेव्हा वर चढायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, किंवा बोलणं असंबद्ध होतंय, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येत नाहीये, तर ते फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याचं लक्षण, तिथे सकाळपर्यंत बघू हा विचार नको, रात्र असली तरी खाली उतरायचं, ऑक्सिजन गाडीत हवाच. लेहला सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटल आहे, त्यांना हे रोजचंच आहे. आणि एक, स्वतःला होतंय हे स्वतःला कळत नाही बऱ्याचदा, म्हणून टीममध्ये जोड्या लावा आणि रोज सकाळी एकमेकांना विचारा.

---

फोर्टातला_वाचक

नोंदींचा प्रश्न विचारलास हे फार चांगलं केलंस, त्यावर मला लिहायचंय. मी रिटायर झालोय आणि आयुष्यभर फोर्टात नोकरी, त्यामुळे लायन गेटसमोरचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं, हॉर्नबिल हाउस रोज जाता-येता दिसायचं, पुढे बीएनएचएसचा मेंबर झालो आणि तिथला सस्तन प्राण्यांचा संग्रह एकदा बघायला मिळाला. लेबलं बघत बसलो होतो. उंदरांची, चिचुंद्र्यांची, खारींची कातडी ओळीने ठेवलेली आणि प्रत्येकाच्या पायाला लेबल, कुठे मिळाला, कधी, कुणी गोळा केला, नर का मादी, डोकं-धड किती मिलिमीटर, शेपूट, मागचा पाय, कान. तेवढीच चार मापं आजही घेतात.

तुझ्यासाठी हे सांगतोय कारण आपल्याकडे छोट्या सस्तन प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो याच मुंबईतून. सोसायटीची स्थापना १८८३ ची, आणि १९११ मध्ये त्यांनी मॅमल सर्व्हे हाती घेतला, देशभर माणसं पाठवून सस्तन प्राणी गोळा करायचे आणि वर्गवारी करायची. पहिला रिपोर्ट कुठला असेल तर आपल्या खानदेशचा! त्यामागे रॉटन नावाचे निवृत्त वनाधिकारी होते. वाघ-सिंहांबद्दल शिकाऱ्यांनी ढिगाने लिहून ठेवलं होतं, पण उंदीर, वटवाघळं, चिचुंद्र्या यांच्याबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं, ते या सर्व्हेने भरून काढलं.

लडाखच्या बाबतीत फर्डिनांड स्टोलिच्का हे नाव लक्षात ठेव, कारण तुझ्या कामात ते येणारच. जिऑलॉजिकल सर्व्हेचा माणूस, मध्य आशियातल्या यार्कंदच्या दुसऱ्या मोहिमेवरून परत येताना १८७४ च्या जूनमध्ये लडाखमध्येच मुर्गो इथे उंचीच्या आजाराने गेला, वय ३६. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. तिथल्या डोंगरी वोलला त्याचं नाव दिलंय, अॅल्टिकोला स्टोलिच्कानस. वरती डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते म्हणूनच नीट ऐक.

आता नोंदी. यासाठी कॅलिफोर्नियातल्या जोसेफ ग्रिनेलची पद्धत शीक, जगभर तीच वापरतात. बर्कलीच्या प्राणिशास्त्राच्या म्युझियमचा तो पहिला संचालक, म्युझियम १९०८ चं. त्याच्या लोकांनी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीचा अख्खा पट्टा, पश्चिमेच्या पायथ्यापासून माथा ओलांडून पलीकडच्या मोनो लेकपर्यंत, पिंजरे लावून तपासला. तोही डोंगराळ तलावाचाच प्रदेश, प्राणीही असेच, पिका, वोल, चिपमंक, चिचुंद्र्या. पण त्यांनी नुसतं काय मिळालं ते नाही लिहिलं, कुठल्या ओढ्याच्या कुठल्या काठाला किती पिंजरे किती रात्री लावले, काय मिळालं नाही, आकाश कसं होतं, झाडं कुठली, सगळं. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच म्युझियमच्या लोकांनी तीच वही हातात घेऊन त्याच जागी पुन्हा पिंजरे लावले, आणि २००८ मध्ये छापून आलं की तपासलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जाती सरासरी ५०० मीटर वर सरकल्यात, तेवढ्या काळात तिथलं किमान तापमान साधारण तीन अंशांनी वाढलंय. हे फक्त वहीमुळे कळलं. पिंजरे किती लावले होते हे लिहिलं नसतं तर काही मिळालं नाही याला अर्थच उरला नसता.

म्हणून तुझ्या वहीत रोजचं पान म्हणजे तारीख, वर्ष पूर्ण, जागा अशी की दुसरा माणूस नकाशा घेऊन तिथेच जाऊन उभा राहील, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसलीस, आणि शून्य असेल तर शून्य लिहायचं. संध्याकाळी तंबूत बसून त्याच दिवशी फेअर करायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. सोसायटीची परवानगी काढून जाण्याआधी तो संग्रह नक्की बघून ये, संशोधनाच्या टीममध्ये आहे म्हणून पत्र दे, एक अख्खा दिवस ठेव.

---

प्रिन्सेस_स्ट्रीट

सामानाचं मी सांगतो, लॅबवाल्यांना माल पुरवतो त्यामुळे रोजचाच विषय. सिलिका जेल, चिमटे, छोट्या ट्यूब, नायट्राइल ग्लोव्हज हे सगळं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल, रंग बदलणारं जेल घ्या, ओल धरली की कळतं आणि तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं. इथेनॉल मात्र इथून नेण्याच्या भानगडीत पडू नका, विमानात चालत नाही, टीमने लेहला आधीच सोय केली असेल तर ठीक नाहीतर जेलवरच भागवा. लेबलला बॉलपेन नको, थंडीत शाई गोठते, साधी पेन्सिल बेस्ट. कपडे लेहच्या बाजारात चांगले मिळतात, पण बूट इथूनच घ्या आणि निदान महिनाभर वापरून मऊ करून न्या.

---

डोंबिवली_फास्ट

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार! डॉक्टर सर, तुमचं आईबाबांना वाचून दाखवलं, वाटेत चुमाथांगला मुक्काम असेल तर त्यांची हरकत नाही म्हणाले. वाचक काका, परवानगीचा मेल पाठवते लगेच.

अजून एक विचारायचंय. काही ठिकाणी वोलसाठी पिंजरे लावणार आहोत असं ताई म्हणाल्या. प्राण्याला त्रास होईल याची मला भीती वाटते, आणि आईने प्लेग प्लेग करून डोकं खाल्लंय. त्यात खरं किती? आणि जाईपर्यंतचे दोन महिने मुंबईत सराव कसा करू?

---

चांगथांगची_वाट

आईचं अगदीच चुकीचं नाहीये. रानातले उंदीर, मार्मोट, त्यांच्या अंगावरच्या पिसवा यांच्यातून आजार येऊ शकतात, प्लेग त्यातलाच एक, म्हणून ग्लोव्हज आणि मास्क कधीच सोडायचे नाहीत, मेलेल्या प्राण्याला उघड्या हाताने शिवायचं नाही आणि जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, पाणी कितीही गार असलं तरी. ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठल्या प्राण्यांबरोबर काम करतोय हे आपणहून सांगायचं. एवढं पाळलंस तर घाबरण्यासारखं काही नाही.

पिंजऱ्यांचं म्हणशील तर तुझी भीती चांगली आहे, ती घालवू नको. आधी कायदा, रानातला प्राणी पकडायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, संशोधनासाठी ती वेगळ्या कलमाने मिळते, टीमने घेतलेली असणारच, तरी तिची झेरॉक्स तुझ्या सॅकमध्ये असू दे. पिंजरे म्हणजे शेरमन ट्रॅप, अॅल्युमिनियमची घडीची पेटी, आत पीनट बटर आणि ओट्सचा गोळा. जीव जातो तो पकडल्यामुळे नाही, थंडीने किंवा उन्हाने जातो. वोल एवढासा असतो की रात्रभर उपाशी आणि गारठ्यात राहिला तर सकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून प्रत्येक पेटीत कापसाचा भरपूर बोळा आणि पोटभर खाणं, आणि पहाटे उजाडताच फेरी. ऊन चढलं की तीच पेटी तापते. अमेरिकेतल्या पिकावर झालेल्या जुन्या अभ्यासात २५ ते २९ अंशांच्या दरम्यान सावली मिळाली नाही तर अर्ध्या तासात मेलेले आढळलेत, आपल्याला मुंबईत ते तापमान म्हणजे सुखद वाटतं! त्यामुळे पेट्या दगडाच्या सावलीत, आणि दिवसा बंद. किती लावल्या तेवढ्या परत मोजून आणायच्या, एक जरी राहून गेली तरी शोधून काढल्याशिवाय कॅम्पवर परत यायचं नाही.

हातात घेतलास तर काम पटापट, कापडी पिशवीत वजन, चार मापं, फोटो, आणि जिथे पकडला त्याच बिळाजवळ सोडायचा. पिकांना शक्यतो हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे, लेंड्या, कॅमेरा आणि डोळे यांनी बहुतेक सगळं मिळतं.

सरावासाठी खारीसारखं दुसरं काही नाही. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनला जा, राणीच्या बागेत जा, सकाळी एक खार निवड आणि दहा मिनिटं फक्त तिच्यावर नजर ठेवून दर पंधरा सेकंदांनी ती काय करतेय ते लिही, खाणं, बघणं, पळणं, अंग साफ करणं. नजरेआड झाली तर नजरेआड असं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. याची रीतसर पद्धत जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये एका लेखात मांडली, तो शोधून वाच, अजूनही सगळे तोच दाखला देतात. आधी फार कठीण वाटेल, मान दुखेल, खार दर वेळी झाडाच्या पलीकडे जाईल. त्यात हात बसला की पिका सोपा आहे, तो निदान एका दगडावर बराच वेळ बसतो. नॅशनल पार्कमध्ये काही करायचं असेल तर त्यांची परवानगी काढून, बागेत नुसतं बघायला काही लागत नाही.

आणि लोकांना पिका का म्हणून सांगायचं असेल तर हे सांग. तिबेटच्या पठारावर गवत खातो म्हणून पिकाला विष घालून मारायची मोहीम वर्षानुवर्षं चालली, आणि अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्याची बिळं गेली तर पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं कमी होतं, त्या बिळांत घरटी करणारे स्नोफिंच आणि ग्राउंड टिट हे पक्षी जातात, त्याच्यावर जगणारे कोल्हे, बझर्डसारखे शिकारी पक्षी, पॅलासची मांजर यांचं अन्न जातं. तोच पठारी पिका हिवाळ्यात शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण ३० टक्क्यांनी खाली आणतो आणि जिथे याक असतात तिथे याकचं शेण खाऊन दिवस काढतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या चांगथांगमध्ये असे किती प्रश्न कुणी विचारलेलेच नाहीत.

---

लेह_मनाली_लेह

थोडं वेगळं लिहितो. मी दरवर्षी मुंबईहून ग्रुप घेऊन लडाखला जातो. तुम्ही ज्या कुरणात चौकटी आखणार ते चांगपा लोकांच्या चराईचं कुरण आहे, पश्मिना शेळ्या तिथेच चरतात. त्यामुळे खुंट्या ठोकायच्या आधी रेबोत, म्हणजे त्यांच्या तंबूत, जाऊन बसा, चहा देतील तो प्या, आणि काय करतोय ते सांगा. कुठल्या उतारावर कुठला प्राणी कुठल्या महिन्यात दिसतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. टीममध्ये स्थानिक मुलगा किंवा मुलगी असेल तर तिचं नाव वहीत प्रत्येक नोंदीला लिहा, मदतनीस म्हणून नाही, बघणारी म्हणून.

कुत्र्यांपासून सांभाळा. आर्मी कॅम्प आणि टुरिस्ट कॅम्पच्या कचऱ्यावर भटकी कुत्री प्रचंड वाढलीत, मार्मोट, पक्ष्यांची अंडी, काही सोडत नाहीत, आणि पहाटे एकट्या माणसाच्या मागे टोळीने लागतात. म्हणजे पिंजऱ्यांच्या पहाटेच्या फेरीला एकटीने जायचं नाही, काठी जवळ हवी, आणि निघायच्या आधी मुंबईत रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. उरलेलं पीनट बटर, बिस्किटं, काहीही बाहेर टाकू नका. रस्त्यावर गाडी थांबवून मार्मोटला बिस्किट भरवणारे टुरिस्ट भेटतील, त्यात आपले मुंबईचेही असतील, माझ्या ग्रुपमध्ये मी पहिल्याच दिवशी सांगतो की हे केलंत तर गाडी पुढे जाणार नाही. तुमच्याकडे तर सांगायला शास्त्र आहे, तेव्हा थांबून मराठीत, हिंदीत, जमेल तसं समजावा.

आणि फोनचं, आपलं इथलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, इथूनच पोस्टपेड करून घ्या, तरीही कोरझोकच्या पुढे रेंज धरून चालू नका. आईबाबांना आधीच सांगून ठेवा की चार-पाच दिवस फोन आला नाही तर काळजी करायची नाही, आणि टीम लीडरचा आणि लेहच्या ऑफिसचा नंबर घरी फ्रिजवर चिकटवून जा.